पदरची वीस मिनिटं

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ते गळ्यात नेहमी उलटं लटकायचं, त्यामुळे सव्वीस वर्षांत ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. लॅबमधल्या ड्रायव्हरपासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे त्यांना मिनिटरावच म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. वरवर मात्र कपाळाला आठी घालायचे.

विमान किती वाजता सुटतं हे सांगणारे शंभर भेटतील. पण अमुक विमानतळापासून तमुक विमानतळापर्यंत किलोमीटर किती, त्यातली हवेतली मिनिटं किती, उतरल्यावर विमान जमिनीवर रांगतं ती किती आणि पोटातून खोका बाहेर यायला लागतात ती किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता. एकतीस विमानतळ, प्रत्येकापुढे अंतर आणि वेळ, सगळं त्यांच्या ठाशीव अक्षरात. कागद पिवळा पडला होता, पण मिनिटरावांना त्याच्याकडे पाहायची गरजच पडत नसे. तो दुसऱ्यांसाठी होता.

आणि गंमत अशी की हा माणूस जन्मात कधी विमानात बसला नव्हता. बायको हसायची. "अहो, जगाला आकाशातले रस्ते सांगता, आणि जिना चढताना कठडा धरता," म्हणायची. ते म्हणायचे, "माझं काम खोका पोचवायचं. मी पोचून काय करणार?"

खोक्यात असायचं औषध. म्हणजे रोग बरा करणारं नव्हे, रोग दाखवणारं. साखरपाण्यासारखं काहीतरी, त्यात किरणांचा अंश घातलेला. ते शिरेतून दिलं की अंगात भलती गाठ जिथे असेल तिथे जाऊन बसतं, आणि मोठ्या यंत्राखाली चित्र काढलं की ती जागा दिवा लावल्यासारखी उजळून दिसते. फक्त एकच खोड होती त्याला. तयार झाल्या क्षणापासून ते विरायला लागायचं. एकशे दहा मिनिटांत निम्मं, पुढच्या एकशे दहात त्याच्याही निम्मं. बर्फ वितळला तर निदान दिसतं तरी. इथे बाटलीतलं पाणी होतं तेवढंच राहायचं, जोर तेवढा निघून जायचा, आणि नुसतं बघून कोणाला काही कळायचं नाही.

म्हणून वाटेला किती वेळ लागणार ते आधी ठाऊक हवं. मिनिटराव एका चिठ्ठीवर मिनिटं लिहून काचेपलीकडच्या केमिस्टबाईंना द्यायचे. वाट लांब असेल तर बाई त्या हिशेबाने औषध जास्त जोराचं भरायच्या, म्हणजे पोचेपर्यंत हवं तेवढं उरतं. मग बाटली शिशाच्या जड भांड्यात, भांडं खोक्यात, खोका ड्रायव्हरच्या गाडीत. सगळा कारभार त्या चिठ्ठीवर. आणि त्या चिठ्ठीत मिनिटराव कोणाला न सांगता वीस मिनिटं जास्तीची टाकायचे. पदरची वीस मिनिटं. फाटकावर गाडी अडते, विमान घिरट्या घालतं, पलीकडचा हमाल चहाला गेलेला असतो. सव्वीस वर्षांत त्या वीस मिनिटांनी कितीजणांना तारलं असेल, ते कोणालाच कळलं नाही. तारलेलं कधी कळतच नाही.

आता त्यांच्या ताईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिच्यावाचून पुढे जात नाही.

ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील कामावर, तेव्हा या धाकट्या भावाला वाढवलं तिनेच. घड्याळ वाचायलाही तिनेच शिकवलं, बुटांच्या खोक्याचं झाकण गोल कापून आणि आगपेटीच्या काड्यांचे काटे करून. "लहान काटा चारवर आणि मोठा बारावर आला की मी परत येते," असं सांगून ती कामाला जायची, आणि हा खिडकीत बसून खऱ्या घड्याळाकडे टक लावायचा. ती कधी एक मिनिटही उशिरा आली नाही. मिनिटांवरचा विश्वास तिथूनच आला असावा. बाकी ताईचा स्वभाव म्हणाल तर एकच, सगळ्यांच्या मागे राहायचं. पानावर शेवटी बसायचं, अंघोळीला शेवटी जायचं, गाडीत उभं राहायचं. कोणी पुढे बोलावलं तर "मला काय घाई आहे?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

लग्न होऊन ती ज्या शहरात गेली ते भिंतीवरच्या कागदावर अकराव्या ओळीत होतं. आठशे सदतीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. गाठ काढली, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. आता एवढंच पाहायचं होतं की कुठे काही मागे राहिलंय का. राहिलं असेल तर ताबडतोब उपचार, नसेल तर सुटका. त्यासाठी ते यंत्राखालचं चित्र काढायचं ठरलं. त्या शहराला एरवी औषध तिथल्याच लॅबमधून मिळायचं, पण नेमकं त्याच आठवड्यात तिथलं औषध बनवायचं यंत्र बिघडलं, आणि मागणी आली ती मिनिटरावांकडे. पाच पेशंट, त्यांत एक ताई.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"छोट्या, उद्याचं ते औषध तुमच्याकडचं आहे म्हणे?"

"हो. माझ्याच हातून निघणार. तुझा नंबर कितवा?"

"पहिला दिलाय. हे ओळखीने जमवून आले." हे म्हणजे भावोजी. मग ती जरा थांबली. "अरे, ते किरणांचं असतं ना? बाजूच्या बाई सांगत होत्या की अंगात राहतं, आतून भाजतं. वर्षभर इतकं काय काय टोचून घेतलंय मी. तू आहेस तिथे, तर जरा बेतानं घालायला सांग ना. जास्त नको देऊस मला."

"काही भाजत नाही ताई. दुसऱ्या दिवशी अंगात नावालाही उरत नाही."

"असू दे. तरी पण."

मिनिटराव हसले. पण फोन ठेवल्यावर ते 'तरी पण' त्यांच्या कानात राहिलं. ताईने आयुष्यात त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

सकाळी ते टेबलाशी आले तेव्हा चहाच्या पेल्याखाली एक कागद होता. विमान कंपन्या असले कागद रोज पाठवायच्या, वेळ बदलली, गेट बदललं, सामानाचे नियम बदलले. मिनिटरावांनी त्यावरच पेला परत ठेवला. चिठ्ठी ओढली. रस्ता, चढवणं, एक तास दहा मिनिटं हवेत, उतरवणं, रस्ता. बेरीज केली. पदरच्या वीस मिनिटांपाशी पेन थांबलं.

मनाची खात्री म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर दोन्ही विमानतळांची नावं घातली. लगेच उत्तर आलं: आठशे सदतीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. नकाशावर एक बारीक सरळ रेघ उमटली. सगळं जुळत होतं. ताई पहिली आहे, वाट सरळ आहे, हवा स्वच्छ आहे. मग उगाच जास्तीचं कशाला? त्यांनी वीस मिनिटं घातली नाहीत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी नेमकी लिहिली, आणि तीही मायेपोटी.

केमिस्टबाईंनी काचेपलीकडून चिठ्ठी वर धरली. "आज कमी दिसतायत?"

"बरोबर आहेत," मिनिटराव म्हणाले.

दुपारी दोनच्या सुमाराला ताईच्या शहरातल्या हॉस्पिटलमधल्या टेक्निशियनचा फोन आला. असे फोन यायचेच.

"मिनिटराव, आज माल जरा हलका आलाय. विमान उशिरा उतरलं. पहिल्या चौघांचं भागवलं मी कसंबसं, पण शेवटच्याला निम्मंच उरतंय. काय करू? परत पाठवू का पेशंटला?"

मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं. ताई पहिली, म्हणजे तिचं केव्हाच झालं असणार. जीव भांड्यात पडला. मग असल्या फोनला जे उत्तर ते नेहमी द्यायचे, तेच त्यांनी दिलं.

"भागवून घ्या हो. यंत्राखाली थोडा वेळ जास्त ठेवा, चित्र येतं."

"ठेवतो. बाई तशा फार चांगल्या आहेत. पहिला नंबर होता, पण एका म्हाताऱ्यांना बसवत नव्हतं तर त्यांना पुढे पाठवलं, मग एकेक करत सगळ्यांनाच. म्हणाल्या, मला काय—"

"बरं बरं," मिनिटराव म्हणाले. दुसरा फोन वाजत होता. "चांगल्या माणसांना थोडं कमी चालतं. घ्या उरकून." आणि त्यांनी फोन ठेवला.

वाचणाऱ्याला जे कळलं ते त्यांना कळलं नाही. माणूस रोजच्या कामात असला की असाच बहिरा होतो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साफ. कुठे काही नाही. भावोजींचा फोनवर आवाज फुटत होता. डॉक्टर म्हणाले, आता एकदम सहा महिन्यांनी या. भाचीने रिपोर्टचा फोटो पाठवला, त्यावर चार हसरे चेहरे लावून. मिनिटरावांनी तो बायकोला दाखवला, ड्रायव्हरला दाखवला, केमिस्टबाईंना दाखवला. पहिली ओळ सगळ्यांनी वाचली. खालच्या बारीक अक्षरापर्यंत कोणी गेलं नाही, तेही नाही.

पण मनात कुठेतरी पाल चुकचुकत राहिली. ताई फोनवर बोलताना मध्येच खाकरायची. विचारलं तर म्हणायची, "घसा धरलाय. पंख्याखाली झोपते ना." आठवड्याने विचारलं तरी पंखाच. तीन आठवड्यांनी भाची म्हणाली, "मामा, आईचे कपडे सैल झालेत. ती म्हणते, काळजी गेली म्हणून अंग हलकं झालं." मिनिटरावांनी यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता त्यांना. रात्री मात्र कूस बदलताना तो टेक्निशियन काहीतरी म्हणता म्हणता राहिला होता, ते आठवायचं. काय म्हणत होता तो? मला काय—? पुढचं वाक्य मनात जुळायला लागलं की ते उठून पाणी प्यायचे.

एकोणचाळिसाव्या दिवशी त्या शहराची मागणी पुन्हा आली. मिनिटरावांना डोळे दाखवायला जायचं होतं, म्हणून चिठ्ठी करायला नवी क्लार्क बसली होती. ते परत आले तेव्हा ती भिंतीवरचा कागद आणि हातातला कागद आलटून पालटून पाहत होती. हातातल्या कागदावर चहाच्या पेल्याचं गोल वर्तुळ होतं.

"मिनिटराव, हा तुमच्या ट्रेखाली सापडला. तुमच्या कागदावर सत्तर मिनिटं आहेत, आणि कंपनी एकशे पाच म्हणतेय. बरोबर काय?"

"सत्तर. अंतर का वाढतंय कुठे?"

"अंतर तेवढंच आहे हो. पण मधल्या आकाशाचा पट्टा बंद केलाय, सैन्याच्या सरावासाठी. विमानं समुद्रावरून वळसा घालून जातायत. पुढच्या सूचनेपर्यंत." तिने तारीख वाचली. ती तारीख ताईचं औषध गेलं त्याच्या आदल्या दिवसाची होती.

मिनिटराव खाली बसले. पस्तीस मिनिटं. पदरची वीस असती तर पंधराच कमी पडली असती, आणि पंधरांचं पाच जणांत सहज भागलं असतं. आपणच ती काढून घेतली. मग त्यांनी फोनमधला रिपोर्टचा फोटो काढला, हसरे चेहरे बाजूला सारले आणि अक्षरं मोठी केली. अगदी तळाला, सहीच्या वर लिहिलं होतं: औषधाची मात्रा अपुरी असल्याने प्रतिमेचा दर्जा मर्यादित, आवश्यकता वाटल्यास तपासणी पुन्हा करावी.

त्यांनी त्या टेक्निशियनला फोन लावला. एवढंच विचारलं, की त्या दिवशी शेवटच्या बाई काय म्हणाल्या होत्या.

तो आठवून म्हणाला, "कोण, त्या होय? मला काय घाई आहे, म्हणाल्या."

निम्म्या जोराचं औषध. गाठ असली तरी अंधारातच राहिली असेल. ते चित्र साफ नव्हतं, रिकामं होतं. आणि 'भागवून घ्या' हे कोणी सांगितलं? चांगल्या माणसांना कमी चालतं, हे कोणी म्हटलं? तोंडात मारून घ्यावंसं वाटलं त्यांना. ते मोठ्या मॅडमकडे गेले, घडलं ते उभ्या उभ्या सांगितलं, लिहून दिलं. मॅडमनी सही करून कागद ठेवून घेतला. "फोन करून सांगा तिकडे," म्हणाल्या.

"हॉस्पिटलला सांगितलं. उद्या पुन्हा चित्र काढतायत. ताईला फोनवर नाही सांगता येणार मला."

आणि छप्पन्नाव्या वर्षी मिनिटराव पहिल्यांदा विमानात बसले. पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या बाईंनी दाखवलं. विमान उठलं तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं, सवयीने. चाळीस मिनिटं. पन्नास. साठ. सत्तर झाली. त्यांच्या कागदाप्रमाणे आता चाकं जमिनीला लागायला हवी होती. खिडकीबाहेर नुसतं पाणी होतं, राखाडी, पार टोकापर्यंत, जमिनीची रेघही नाही. एकाहत्तर. ऐंशी. याच पाण्यावर त्या दिवशी त्यांचा खोका असाच बसून होता आणि आतलं औषध मिनिटामिनिटाला विरत होतं. त्याच वेळी ते भिंतीला पाठ लावून चहा पीत होते. कोरी सरळ रेघ दाखवणारा तो कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता. त्याने अंतर सांगितलं होतं. वाट विचारायची राहिली होती.

"पहिल्यांदाच का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "घाबरू नका. उतरेल आता."

"एकशे पाच," मिनिटराव म्हणाले. बाईंना काही कळलं नाही.

दार ताईने उघडलं. तिला पाहिल्यावर ते उंबऱ्यातच थबकले. गळ्याची हाडं वर आली होती. चेहरा मात्र हसरा.

"अरे छोट्या! तू आणि विमानातून? बायकोने हाकललं का?" हसता हसता तिला खोकला आला, आणि तो थांबेना. भावोजींनी पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "घसा बघा ना, महिना झाला."

मिनिटराव बूट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसले. सगळं सांगितलं. पेल्याखालचा कागद, पस्तीस मिनिटं, न घातलेली वीस, तो फोन. फोनवरचं ते वाक्यही सांगितलं, गाळलं नाही. भावोजी उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. रडत होते की चिडले होते, ते कळेना.

ताई रागावली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मिनिटरावांना बरं वाटलं असतं. ती मांडीवरच्या पदराची कड बोटाने सारखी करत बसली.

"जास्त देऊ नकोस असं मीच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तू म्हणालीस, पण काम माझं होतं."

"आणि पहिला नंबर मीच सोडला." ती किंचित हसली. "उद्या किती वाजता आहे?"

"दीडला. औषध केमिस्टबाई स्वतः भरतायत. एकशे पाच धरून, आणि वर वीस."

"उद्या नाही हो कोणाला पुढे जाऊ देणार," ती भावोजींच्या पाठीकडे पाहत म्हणाली. मग बोटांवर मोजायला लागली, लहानपणी त्याला घड्याळ शिकवताना मोजायची तशीच. "किती दिवस झाले म्हणालास?"

"एकोणचाळीस."

"तुमचं ते औषध दर एकशे दहा मिनिटांनी निम्मं होतं. हो ना?"

"हो."

"मग हे माझ्या अंगातलं," तिने छातीवर हात ठेवला, "हे किती दिवसांनी दुप्पट होतं रे?"

भिंतीवरच्या कागदावर एकतीस ओळी होत्या, आणि सगळ्या मिनिटरावांना पाठ होत्या. ही त्यांत नव्हती.

"सांग ना छोट्या," ताई म्हणाली. "तुला तर सगळं पाठ असतं."